धमकीच्या तक्रारीला ‘थोतांड’ हे उत्तर : हाउस ऑफ कॉमन्स, 25 सप्टेंबर 2019

25 सप्टेंबर 2019 च्या संध्याकाळी ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये मजूर पक्षाच्या खासदार पॉला शेरिफ पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांना उद्देशून बोलायला उभ्या राहिल्या. आम्हाला रोज जिवे मारण्याच्या धमक्या येतात, धमक्या देणारे तुमचेच शब्द वापरतात, तेव्हा भाषा आवरा, असं त्यांचं मागणं होतं. त्यावर जॉन्सन म्हणाले, सभापती महोदय, इतकं थोतांड मी आयुष्यात ऐकलेलं नाही.

प्रश्न मिनिटभराचा, उत्तर एका वाक्याचं. तरीही राजकीय सभ्यतेविषयी बोलताना मला वारंवार याच प्रसंगाकडे यावंसं वाटतं. संसदेतल्या भाषेची चर्चा सुरू झाली की ती हटकून कोणते शब्द चालतील आणि कोणते चालणार नाहीत या यादीवर जाऊन थांबते. इथे ज्या दोन वाक्यांवरून देशभर वाद पेटला, त्यांत सभापतींनी मागे घ्यायला लावावा असा एकही शब्द नव्हता. नियमाने पाहिलं तर काहीच घडलं नाही. आणि तरी सभागृहात आपल्या 22 वर्षांत इतकं वाईट वातावरण पाहिलं नव्हतं, असं सभापती जॉन बर्को यांना दुसऱ्या दिवशी सांगावं लागलं. नियम आणि अनुभव यांच्यात एवढं अंतर कसं पडलं, हे या प्रकरणात पाहायचं आहे.

सभागृह कोणत्या मनःस्थितीत भरलं

युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा, म्हणजे ब्रेक्झिटचा, कौल ब्रिटनने 23 जून 2016 च्या सार्वमतात दिला होता : 52 टक्के विरुद्ध 48 टक्के, बाहेर पडण्याच्या बाजूने 1 कोटी 74 लाख मतं. तीन वर्षं उलटली तरी बाहेर पडणं झालेलं नव्हतं. पंतप्रधान थेरेसा मे यांनी केलेला करार सभागृहाने तीनदा फेटाळला आणि त्यांनी पद सोडलं. जुलै 2019 मध्ये जॉन्सन आले ते 31 ऑक्टोबरला काहीही झालं तरी बाहेर पडायचं, करार असो वा नसो, या वचनावर.

कराराशिवाय बाहेर पडण्याला खासदारांच्या बहुमताचा विरोध होता. 3 सप्टेंबरला सभागृहाने 328 विरुद्ध 301 मतांनी कामकाजाचा ताबा सरकारच्या हातून काढून घेतला. त्या मतदानात सरकारविरुद्ध गेलेल्या हुजूर पक्षाच्या 21 खासदारांना पक्षाच्या संसदीय गटातून काढून टाकण्यात आलं. त्यांत केन क्लार्क आणि फिलिप हॅमंड हे दोन माजी अर्थमंत्री होते आणि विन्स्टन चर्चिल यांचे नातू निकोलस सोम्सही. मग मजूर पक्षाचे हिलरी बेन यांच्या पुढाकाराने कायदा झाला. 19 ऑक्टोबरपर्यंत संसदेने करार मंजूर केला नाही, किंवा कराराशिवाय बाहेर पडायला संमती दिली नाही, तर पंतप्रधानांनी युरोपीय संघाकडे 31 जानेवारी 2020 पर्यंत मुदतवाढ मागावी, एवढंच तो सांगत होता. 9 सप्टेंबरला त्याला राणीची संमती मिळाली.

जॉन्सन या कायद्याला ‘शरणागती कायदा’ म्हणत. वाटाघाटीत आपल्या हातातलं हत्यारच संसदेने काढून घेतलं, असा त्यांचा युक्तिवाद. त्यात राजकीय मुद्दा आहे, हे मान्य केलं पाहिजे. पण शरणागती शत्रूपुढे पत्करतात. युरोपीय संघ शत्रू ठरला की त्याच्यापुढे शरण जाणारा कायदा करणारे आपोआप दुसऱ्या कोणत्या तरी खात्यात जमा होतात. ऑगस्टमध्येच जॉन्सन म्हणाले होते की संसदेत ब्रेक्झिट अडवू पाहणारे आणि ‘युरोपातले आपले मित्र’ यांच्यात संगनमत चाललं आहे. सप्टेंबरच्या सुरुवातीला ते म्हणाले, मुदतवाढ मागण्यापेक्षा मी खंदकात मरून पडणं पत्करेन. सगळी भाषा रणांगणातली.

दरम्यान सरकारने संसदेचं अधिवेशनच पाच आठवड्यांसाठी संस्थगित केलं. 24 सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाच्या 11 न्यायमूर्तींनी, लेडी हेल यांच्या अध्यक्षतेखाली, एकमताने निकाल दिला की हे बेकायदा होतं आणि म्हणून अधिवेशन संस्थगित झालेलंच नव्हतं. जॉन्सन तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेसाठी न्यूयॉर्कमध्ये होते. ते रातोरात परतले.

म्हणजे 25 तारखेला सभागृह भरलं ते असं : न्यायालयात नुकतंच हरलेलं, बहुमत गमावलेलं सरकार एका बाजूला आणि आपल्याला बेकायदा घरी पाठवलं गेलं या संतापातले विरोधक दुसऱ्या बाजूला. दुपारी महान्यायवादी जेफ्री कॉक्स यांनी ही संसद मेलेली आहे, या हिरव्या बाकांवर बसण्याचा नैतिक अधिकार हिला उरलेला नाही, असं बजावून दिवसाचा सूर लावला होता. उत्तर देताना त्यांनी बायकोला मारणं कधी थांबवलंत, या जुन्या वकिली प्रश्नाचाही दाखला दिला. एका महिला खासदाराने हरकत घेतल्यावर त्याबद्दल त्यांनी माफी मागितली. हा तपशील मला महत्त्वाचा वाटतो. चुकलेला शब्द परत घेणं त्या दिवशी, त्या सभागृहात, त्याच सरकारला शक्य होतं.

भिंतीवरची ढाल

शेरिफ यांचं बोलणं समजायला तीन वर्षं मागे जावं लागतं. 16 जून 2016, सार्वमताला एक आठवडा राहिलेला. वेस्ट यॉर्कशरमधल्या बर्स्टल गावी वाचनालयात मतदारांना भेटायला निघालेल्या जो कॉक्स यांचा रस्त्यावरच खून झाला. बॅटली आणि स्पेन मतदारसंघाच्या त्या मजूर पक्षाच्या खासदार. वय 41, दोन लहान मुलं. मारेकरी गोऱ्या वंशाच्या श्रेष्ठत्वाची कल्पना डोक्यात घेतलेला अतिउजव्या विचारांचा माणूस होता. न्यायालयात नाव विचारल्यावर त्याने सांगितलं : देशद्रोह्यांना मरण, ब्रिटनला स्वातंत्र्य. त्याला मरेपर्यंत जन्मठेप झाली.

जो कॉक्स यांच्या पहिल्या भाषणातला विचार असा होता की आपल्याला वेगळं करणाऱ्या गोष्टींपेक्षा जोडणाऱ्या गोष्टी कितीतरी जास्त आहेत. मारल्या गेलेल्या खासदारांच्या स्मृतीसाठी कॉमन्सच्या भिंतीवर त्यांच्या चिन्हाची ढाल लावण्याची पद्धत आहे. जो यांची ढाल 2017 मध्ये लागली आणि तिच्यावर तोच विचार कोरलेला आहे.

पॉला शेरिफ यांचा ड्यूजबरी मतदारसंघ बॅटलीला अगदी लागून. दोघी 2015 च्या एकाच निवडणुकीत निवडून आल्या, मैत्रिणी होत्या. मैत्रिणीच्या खुनानंतर त्या त्याच भागात, तशाच मतदारांच्या भेटी घेत तीन वर्षं काम करत होत्या.

आणि धमक्या काल्पनिक नव्हत्या. लंडनच्या पोलिसांनी मे 2019 मध्ये संसदीय समितीपुढे आकडे मांडले होते : खासदारांनी नोंदवलेले गुन्हे 2017 मध्ये 151 होते, 2018 मध्ये 342 झाले. त्याच महिन्यात मजूर पक्षाच्या खासदार रोझी कूपर यांना तलवारीसारख्या सुऱ्याने मारण्याचा कट रचणाऱ्या निओ-नाझी तरुणाला जन्मठेप झाली. ॲम्नेस्टी या मानवी हक्क संघटनेने 2017 च्या निवडणुकीआधीचे सहा आठवडे तपासले, तेव्हा महिला खासदारांना आलेल्या शिवराळ ट्विटपैकी सुमारे 45 टक्के एकट्या डायन अबट यांच्या वाट्याला आलेली दिसली. त्या ब्रिटनमधल्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला खासदार. वर्तमानपत्रंही मागे नव्हती. नोव्हेंबर 2016 मध्ये डेली मेलने तीन न्यायाधीशांची छायाचित्रं पहिल्या पानावर छापून त्यांना ‘जनतेचे शत्रू’ ठरवलं होतं. वर्षभराने डेली टेलिग्राफने स्वपक्षाच्या धोरणाला विरोध करणाऱ्या हुजूर पक्षाच्या 15 खासदारांची छायाचित्रं ‘बंडखोर’ म्हणून पहिल्या पानावर मांडली.

बाहेर काय पेटलेलं आहे हे आत सगळ्यांना माहीत होतं.

ती संध्याकाळ

साडेसहाच्या सुमारास जॉन्सन बोलायला उभे राहिले आणि तीन तासांहून अधिक वेळ प्रश्नांना उत्तरं देत राहिले. न्यायालयाच्या निकालाचा आदर आहे, पण न्यायालय चुकलं, असं त्यांनी सांगितलं. धमक असेल तर अविश्वास ठराव आणा, असं विरोधकांना डिवचलं. ‘शरणागती कायदा’ हे शब्द वारंवार आले, आणि दर वेळी त्यांच्या मागच्या बाकांवरून दाद आली.

मग शेरिफ उठल्या. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा : आपल्याला न आवडणाऱ्या कायद्याला चिथावणीखोर, धोकादायक भाषेत हिणवू नका. आपल्या गेलेल्या मैत्रिणीच्या ढालीखाली आपण इथे उभे आहोत. इथल्या अनेकांना दररोज शिव्या आणि मृत्यूच्या धमक्या येतात, आणि धमक्या देणारे बऱ्याचदा पंतप्रधानांचेच शब्द वापरतात, शरणागती कायदा, विश्वासघात, देशद्रोही. मला याचा उबग आला आहे. भाषा सौम्य केली पाहिजे आणि सुरुवात पंतप्रधानांनी केली पाहिजे. शेवटी आवाज चढला आणि त्या म्हणाल्या, यांना स्वतःची लाज वाटायला हवी.

उत्तर आलं ते थोतांडाचं. मूळ इंग्रजी शब्द ‘हंबग’.

थोड्या वेळाने ट्रेसी ब्रेबिन उठल्या. जो कॉक्स यांच्या जागी पोटनिवडणुकीत निवडून आलेल्या त्या. मोठ्या पक्षांनी त्या पोटनिवडणुकीत मजूर पक्षाविरुद्ध उमेदवारच दिला नव्हता, इतका समंजसपणा तेव्हा होता. आपापलं काम करताना आम्हाला सुरक्षित वाटेल अशी भाषा वापरा, एवढंच त्यांनी मागितलं. जॉन्सन म्हणाले, जो कॉक्स यांच्या स्मृतीचा मान राखण्याचा आणि देश एकत्र आणण्याचा सर्वांत चांगला मार्ग म्हणजे ब्रेक्झिट पार पाडणं. जो कॉक्स यांनी युरोपीय संघात राहण्यासाठी प्रचार केला होता.

लिबरल डेमोक्रॅट पक्षाच्या नेत्या जो स्विन्सन यांनी सभागृहाला सांगितलं की माझ्या मुलाला आलेल्या धमकीची तक्रार मी आजच पोलिसांत दिली आहे, आणि तिलाच इथे थोतांड म्हटलं गेलं.

नियमपुस्तिकेला काय दिसतं

कॉमन्सच्या कामकाजाचा आधारग्रंथ अर्स्किन मे, पहिली आवृत्ती 1844 ची. शांत चित्त आणि संयम ही संसदीय भाषेची लक्षणं, असं तो सांगतो. व्यवहारात याचा अर्थ एवढाच होतो की दुसऱ्या सदस्यावर थेट हेत्वारोप करायचा नाही. खोटारडा, भेकड, ढोंगी, डुक्कर, देशद्रोही असे शब्द वेगवेगळ्या काळांत वेगवेगळ्या सभापतींनी असंसदीय ठरवले. तसा शब्द आला तर सभापती तो मागे घ्यायला सांगतात, ऐकलं नाही तर त्या सदस्याला बाहेर काढतात. एप्रिल 2016 मध्ये मजूर पक्षाचे ज्येष्ठ खासदार डेनिस स्किनर यांनी पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन यांना ‘लबाड डेव्ह’ म्हटलं आणि मागे घ्यायला नकार दिला. बर्को यांनीच त्यांना त्या दिवसापुरतं बाहेर पाठवलं.

इथे आपल्याकडच्या वाचकासाठी एक फरक नोंदवतो. लोकसभेत असंसदीय शब्द अध्यक्षांच्या आदेशाने कामकाजाच्या नोंदीतून वगळले जातात. कॉमन्समध्ये शब्द मागे घेतला तरी हॅन्सार्डमध्ये, म्हणजे कामकाजाच्या अधिकृत नोंदीत, तो तसाच राहतो. त्यामुळे 25 सप्टेंबरचा प्रत्येक शब्द आजही कोणालाही वाचता येतो. मला ही पद्धत अधिक प्रामाणिक वाटते.

तर या नियमांच्या चाळणीतून ती संध्याकाळ काढून पाहू. ‘शरणागती कायदा’ हे एका कायद्याचं वर्णन. कुणा सदस्याचं नाव नाही, हेत्वारोप नाही, म्हणून आक्षेपार्ह नाही. ‘थोतांड’ हे एका म्हणण्याचं वर्णन. सदस्याला कुणी खोटारडी म्हटलेलं नाही, म्हणून तेही आक्षेपार्ह नाही. ‘ब्रेक्झिट पार पाडणं हाच मान’ हे तर राजकीय मत. तिन्ही वाक्यं चाळणीतून सहज खाली येतात.

पण नीट पाहिलं तर तिन्ही व्यक्तिगत हल्ले आहेत, आणि सर्वांत जास्त व्यक्तिगत दुसरं आहे.

शेरिफ यांनी मत मांडलं नव्हतं. त्यांनी एक घटना सांगितली होती : धमक्या येतात आणि त्यांत अमुक शब्द असतात. घटना सांगणाऱ्याला तीनच उत्तरं देता येतात. हे खरं आहे, मी विचार करतो. हे खरं आहे, पण त्याचा माझ्या शब्दांशी संबंध नाही, कारण हे. किंवा हे खोटं आहे. पहिल्या दोन उत्तरांना जॉन्सन यांना वाव होता. दुसऱ्या उत्तरासाठी तर त्यांच्याकडे चांगला मुद्दाही होता, कारण ‘देशद्रोही’ हा शब्द त्यांनी सभागृहात वापरलेला नव्हता आणि शेरिफ यांनी तो त्यांच्या शब्दांत मोजला होता. ते म्हणू शकले असते की हा माझा शब्द नाही, आणि जो कुणी तुम्हाला धमकी देतो तो माझा माणूस नाही. त्यांनी तिसरं निवडलं, तेही तपशिलात न शिरता. मैत्रिणीचा खून झालेली बाई आपल्या जिवाची भीती सांगते आहे आणि देशाचा पंतप्रधान म्हणतो की ही बतावणी आहे. एखाद्याला खोटारडा म्हणायला त्या सभागृहात बंदी आहे. त्याचं भय खोटं आहे असं म्हणायला नाही.

शरणागतीच्या बाबतीतही तेच. कायद्याला नाव ठेवलं की माणसाला नाव ठेवलं जात नाही, हा बचाव सभागृहाच्या चार भिंतींत टिकतो. बाहेर टिकत नाही. शरणागती म्हटली की कुणीतरी शरण गेलेलं असतं, आणि त्या कायद्याला मत देणाऱ्यांची नावं मतविभागणीच्या यादीत छापलेली असतात. ती नावं जोडून घेण्याचं काम ऐकणारा करतो. धमकीच्या पत्रांत ते तसंच झालेलं होतं आणि शेरिफ नेमकं तेच सांगत होत्या.

दुसरी बाजू, आणि तिचं वजन

जॉन्सन यांच्या बाजूने बोलणाऱ्यांचे मुद्दे मी उडवून लावणार नाही. पहिला मुद्दा : पावणेदोन कोटींच्या जवळ माणसांनी मत दिलं आणि तीन वर्षं ते अमलात आलं नाही. त्यांचा राग खरा होता आणि त्या रागाला संसदेत कुणीतरी भाषा देणं गरजेचं होतं. दुसरा : विरोधकही मवाळ बोलत नव्हते. अधिवेशन संस्थगित केल्यावर त्यांनी सरकारला सत्ता बळकावणारं म्हटलं, ‘हुकूमशहा’ म्हटलं. एप्रिल 2019 मध्ये मजूर पक्षाचे डेव्हिड लॅमी यांनी ब्रेक्झिटवादी खासदारांच्या गटाची तुलना नाझींशी केली आणि टीका झाल्यावर ती तुलना पुरेशी कडक नव्हती असं म्हटलं. तिसरा, आणि माझ्या मते सर्वांत गंभीर : खून झालेल्या खासदाराचं नाव घेऊन विरोधकाचं तोंड बंद करायचं, ही सुद्धा एक युक्ती होऊ शकते. सभ्यतेच्या नावाखाली मुद्दाच दाबता येतो.

जो यांचे पती ब्रेंडन कॉक्स यांनी त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी जे सांगितलं ते या मुद्द्यांच्या जवळ जाणारं होतं. जो यांचं नाव असं वापरलेलं पाहून त्यांना मळमळलं. पण दोष त्यांनी एकट्या जॉन्सन यांच्या पदरात टाकला नाही. दोन्ही बाजूंची भाषा एकमेकींना चढवत नेते आहे, असं ते म्हणाले. जो यांचा मान राखायचा तर आपल्या मतासाठी तळमळीने लढा, पण समोरच्याला राक्षस ठरवू नका, हे त्यांचं सांगणं होतं. ज्याचं सर्वाधिक गेलं त्याने सर्वांत संयमी शब्द वापरावेत, याबद्दल मला फार आदर वाटतो.

तरीही दोष समसमान वाटून टाकणं मला पटत नाही. लॅमी यांची तुलना चुकीचीच होती. पण पंतप्रधान डिस्पॅच बॉक्सपाशी, म्हणजे मंत्र्यांनी बोलायच्या जागी, उभे राहून बोलतात तेव्हा तो शब्द सरकारचा होतो. सरकारचे जे प्रमुख आहेत, त्यांच्याकडे तक्रार आली होती. आणि मुद्दा दाबण्याविषयी म्हणायचं तर ब्रेक्झिटचा मुद्दा सोडा, असं शेरिफ यांनी कुठेच म्हटलं नव्हतं. ‘बेन कायदा’ म्हणूनही तो कायदा तितकाच वाईट ठरवता आला असता. किंबहुना घडलं ते असं की तो कायदा लागू असतानाच 17 ऑक्टोबरला जॉन्सन यांनी युरोपीय संघाशी नवा करार केला. ज्याने हात बांधले म्हणत होते, त्या कायद्याखाली वाटाघाटी झाल्या आणि पुऱ्याही झाल्या.

पुढचे चार दिवस

26 तारखेला सकाळी बर्को यांनी सभागृहाला आवाहन केलं की एकमेकांना प्रतिस्पर्धी माना, शत्रू मानू नका. मजूर पक्षाच्या खासदार जेस फिलिप्स यांनी तातडीचा प्रश्न मांडला. त्याच आठवड्यात आपल्या कार्यालयात आलेल्या मृत्यूच्या धमकीत पंतप्रधानांचं नाव आणि त्यांचेच शब्द होते, असं त्यांनी सांगितलं. ही भाषा ओघात निसटलेली नाही, ती पारखून, घोटून आणलेली आहे, असा त्यांचा आरोप होता. उत्तर द्यायला जॉन्सन आले नाहीत, एक कनिष्ठ मंत्री आले. त्याच दिवशी बर्मिंगहॅममध्ये फिलिप्स यांच्या कार्यालयाबाहेर गोंधळ घालणाऱ्या एकाला अटक झाली.

संसदेच्या आवारात मजूर पक्षाचे खासदार कार्ल टर्नर यांना पंतप्रधानांचे सल्लागार डॉमिनिक कमिंग्ज भेटले. मला रात्रीतून धमक्या आल्या आहेत, असं टर्नर म्हणाले. कमिंग्ज यांचं उत्तर : मग ब्रेक्झिट पार पाडा. सुरक्षितता ही माणसाला माणूस म्हणून मिळण्याची गोष्ट आहे. इथे ती मतदानाच्या बदल्यात मिळेल असं सुचवलं जात होतं. सभागृहातल्या वाक्यापेक्षाही हे उत्तर मला अधिक भयावह वाटतं.

विरोध घरातूनही झाला. काही आठवड्यांपूर्वीच मंत्रिपद सोडलेल्या अँबर रड यांनी पंतप्रधान कार्यालयाची भाषा हिंसेला चिथावणी देणारी आहे असं स्पष्ट म्हटलं. मंत्रिमंडळातल्या निकी मॉर्गन यांनी बोलण्याचे परिणाम लक्षात ठेवा असं जपून सुचवलं. जॉन्सन यांच्या सख्ख्या बहीण रेचल यांनी भावाच्या शब्दांवर दूरचित्रवाणीवर टीका केली. चर्च ऑफ इंग्लंडच्या बिशपांनी एकत्र निवेदन काढलं.

रविवारी, 29 तारखेला, बीबीसीवर अँड्र्यू मार यांच्या कार्यक्रमात जॉन्सन म्हणाले की कुणालाही, विशेषतः महिला खासदारांना, येणाऱ्या धमक्यांचा आपण निषेध करतो. थोतांड हा शब्द धमक्यांविषयी नव्हता, ‘शरणागती’ म्हणायला आपल्याला मज्जाव केला जातोय त्याविषयी होता, असा खुलासा त्यांनी केला. आपण संयमाचा नमुना आहोत, असंही म्हणाले. माफी मागितली नाही. हा खुलासा प्रामाणिक धरला तरी प्रश्न उरतोच. तो चार दिवसांनी कॅमेऱ्यासमोर देता येत होता, तर त्याच संध्याकाळी शेरिफ यांच्याकडे पाहून का देता आला नाही?

त्यानंतर

12 डिसेंबर 2019 च्या निवडणुकीत जॉन्सन यांना 80 जागांचं बहुमत मिळालं. पॉला शेरिफ हरल्या. मतदारांनी भाषेवर कौल दिला असा अर्थ यातून काढणं चूक होईल, ती निवडणूक ब्रेक्झिटवर झाली. त्या निवडणुकीला उभ्याच न राहिलेल्यांकडे मात्र पाहायला हवं. खासदार हायडी ॲलन यांनी मतदारांना लिहिलेल्या पत्रात खासगी आयुष्यावरचं आक्रमण आणि नित्याची झालेली दहशत ही कारणं दिली. निकी मॉर्गन यांनीही काम करताना सोसावी लागलेली शिवीगाळ कारणांत मोजली.

15 ऑक्टोबर 2021 ला हुजूर पक्षाचे डेव्हिड एमेस यांचा ली-ऑन-सी इथे मतदारांना भेटताना खून झाला. मारेकरी इस्लामिक स्टेटचा समर्थक होता. सभागृहातल्या भाषेशी त्याचा संबंध जोडू नये, तसा तो नव्हता. पण त्यानंतर दोन आठवड्यांनी मजूर पक्षाच्या उपनेत्या अँजेला रेनर यांनी, महिनाभरापूर्वी हुजूर पक्षाच्या नेत्यांना ‘गाळ’ म्हटल्याबद्दल विनाअट माफी मागितली. 2022 च्या निवडणूक कायद्याने उमेदवारांना वा लोकप्रतिनिधींना धाकदपटशा करणाऱ्याला पाच वर्षं निवडणूक लढवायला बंदी घालण्याची तरतूद केली. ही सगळी उपाययोजना बाहेरच्या माणसासाठी. आतल्या भाषेचे नियम होते तिथेच राहिले.

त्याची परीक्षा 31 जानेवारी 2022 ला झाली. टाळेबंदीत पंतप्रधान निवासात झालेल्या मेजवान्यांवरून जॉन्सन अडचणीत होते. उत्तर देताना ते विरोधी पक्षनेते किअर स्टार्मर यांच्यावर घसरले : सरकारी अभियोग खात्याचे प्रमुख असताना यांनी जिमी सॅव्हिलवर खटला भरला नाही. सॅव्हिल हा बीबीसीचा कार्यक्रम सादर करणारा, मृत्यूनंतर उघड झालं की अनेक मुलांचं लैंगिक शोषण त्याने केलं होतं. स्टार्मर 2008 ते 2013 त्या खात्याचे प्रमुख होते, पण सॅव्हिलविषयीचा निर्णय त्यांनी घेतलेला नव्हता. बालशोषणकर्त्याला सोडून दिलं हा आरोप ब्रिटनच्या इंटरनेटवरच्या कटकथांतून तिथवर आला होता. मग आपण स्टार्मर यांच्या व्यक्तिगत कामाविषयी बोलत नव्हतो, असा खुलासा जॉन्सन यांनी केला. मग आपण स्टार्मर यांच्या व्यक्तिगत कामाविषयी बोलत नव्हतो, असा खुलासा जॉन्सन यांनी केला.

7 फेब्रुवारीला संसदेजवळ रस्त्यात स्टार्मर यांना जमावाने घेरलं. ‘देशद्रोही’ आणि सॅव्हिलचं नाव, दोन्ही ओरडलं जात होतं. पोलिसांनी त्यांना गाडीत बसवून बाहेर काढलं. जमावाचं वागणं लाजिरवाणं असल्याचं जॉन्सन यांनी जाहीर केलं, पण माफी या वेळीही मागितली नाही.

बर्को यांच्या जागी आलेले सभापती लिंडसे हॉइल यांनी त्या विधानावर 1 फेब्रुवारीलाच निर्णय दिला होता. नियमांच्या दृष्टीने ते शब्द बेशिस्तीचे ठरत नाहीत, म्हणून मागे घ्यायला सांगता येत नाही. पण ते उचित होते असं मला मुळीच वाटत नाही, असंही त्यांनी आसनावरून नोंदवलं.